दुसरा हात

“आण दुसरा,” डावा हात भरून होताच कासारकाका सवयीनं बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. वैजूचा उजवा पंजा दोन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत गेला होता.

पण वैजूनं पदराखालून उजवा हात पुढं केला. यंत्राचा, गव्हाळ रंगाचा, नवाकोरा.

“मी मनात आणलं की उघडतो, काका. कोपराखालच्या स्नायूंवरनं त्याला कळतं म्हणे. पण आज माझाच जीव आवळलाय, तर तोही मूठ सोडंना.”

“मग जुनंच औषध,” काका हसले. तिच्या लग्नाचा चुडा भरताना म्हणाले होते, तेच म्हणाले, “डोळे मीट. माहेर आठव. हात आपसूक सैल पडंल.”

तिनं डोळे मिटले. बाजाराचा गलका दूर दूर गेला. माहेरची नदी आली, गार, कमरेएवढी. वैजूनं दोन्ही हात पाण्यात सोडले. मासोळ्या जमल्या आणि बोटांना लुचू लागल्या, दहाही बोटांना. पाणी हातांना कुठंतरी घेऊन चाललं होतं आणि ती जाऊ देत होती.

किणकिण ऐकून तिनं डोळे उघडले. मूठ कधीच सुटली होती. सहा हिरव्या बांगड्या त्या मनगटावर उतरल्या होत्या.

बांगड्या भरल्या की कासाराला नमस्कार करायची रीत. दोन वर्षं ती नुसती मान लववून उठायची. आज तिनं हात जोडले, तशा दोन्हीकडच्या बांगड्या एकमेकींवर वाजल्या.