चांदमारीची माती

सोलापूरच्या माळावर पोलिसांची नेमबाजीच्या सरावाची चांदमारी होती. गोळ्या अडवणारा तिथला मातीचा बांध खचत चालला होता.

"सायेब, बांध भरून घ्या की. मागं आमची वस्ती हाय," राखणदार कोंडीबा दरसाल सांगायचा.

"पुढच्या वर्षी बघू," गोरा साहेब म्हणायचा.

त्या मुरमाड माळावर बांधाचीच काय ती माती मऊ. वस्तीतल्या बायका भिंती लिंपायला तीच पाट्या भरून न्यायच्या. घरच्याच बायका, कोंडीबा कुणाकुणाला अडवणार?

आज एक गोळी बांधावरून गेली. दारात भाकरी खात बसलेली त्याची लेक लीला जागीच गेली.

मसणातून कोंडीबा परतला, तर साहेब दारात उभा.

"उद्याच बांध भर. माती कुठूनही आण."

कोंडीबानं पहार घेतली आणि घराची भिंत पाडायला सुरुवात केली.

"लांब कशाला जायचं, सायेब? समदी हितंच हाय."