काचेवरचा चौकोन

"मेलेल्या माणसाला टोल नाही, साहेब," शववाहिनीचा चालक म्हणाला. "उजवीकडच्या लेनमधून गेलो तर चुटकीसरशी पोचू. फक्त मागच्या बसला तिथं सोडणार नाहीत. बोला लवकर, फाटा आलाच."

चालकाशेजारी बसलेल्या मुलाने मागे वळून पाहिले. जाळीपलीकडे बाबा आडवे होते. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला धाकटी बहीण. मागच्या काचेतून बस दिसत होती. बाबांचे जुने सोबती, चालक आणि कंडक्टर, तिच्यात खच्चून भरले होते.

"उजवीकडूनच जाऊ या ना रे, दादा," बहीण म्हणाली. "उशीर झाला तर आपला नंबर जाईल. स्मशानातले विद्युतदाहिनीवाले संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवतील. उभा जन्म गेला बाबांचा या गर्दीत. शेवटचा तरी रस्ता मोकळा मिळू दे."

तिचे काही चुकत नव्हते. बाबांनी याच रस्त्यावर बस चालवली होती. तेव्हा तीन लेन होत्या आणि तिन्ही सगळ्यांच्या होत्या. मग एका कंपनीने त्यांतली एक कुंपण घालून घेतली आणि तिच्या तोंडाशी टोलचे फाटक बसवले. ज्याच्या खिशात पैसा तो सुसाट. बाकीची दुनिया उरलेल्या दोन लेनमध्ये चेंगरत राहिली. रस्त्याच्या कडेला रुंदीकरणासाठी घेऊन ठेवलेली जमीन होती, तिच्यावर गवत माजले होते. निवृत्तीनंतर बाबांनी रस्ता रुंद करून घ्यायचा एकच ध्यास घेतला. प्रत्येक सुनावणीला ते इस्त्रीचा सदरा घालून जात आणि उभे राहून तेच सांगत, "घर अपुरं पडलं तर खोली वाढवतात, साहेब. आहे त्यातली एक भाड्यानं देऊन घरच्यांना अंगणात झोपवत नाहीत." लोक हसत, टाळ्या वाजवत. गवत वाढत राही.

मुलगा त्यांच्याबरोबर कधी गेला नाही. उलट त्याच्या गाडीच्या काचेवर त्या लेनच्या टोलपासचे स्टिकर होते. रोज तो तिथूनच कामावर जाई. फक्त महिन्यातून एकदा बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचे असे, त्याच्या आदल्या दिवशी तो ते स्टिकर हळूच सोलून ड्रॉवरमध्ये टाकी, आणि सकाळी साळसूदपणे गाडी गर्दीत घाली. बाबा मांडीवर रुमाल पसरून सफरचंद कापत. धक्के खाणाऱ्या गाडीतही कागदासारख्या पातळ फोडी करत आणि एकेक त्याच्या हातावर ठेवत. सोबत प्रवाशांच्या त्याच त्या किश्शांचे गुऱ्हाळ. दवाखान्याच्या दारात त्यांना सोडून तो आपली कामे उरकून येई. परतताना पुन्हा तीच गर्दी, तेच किस्से.

"डावीकडून घ्या," तो चालकाला म्हणाला. निदान आज तरी लपवाछपवी नको, असे त्याला वाटले.

बहिणीने तोंड फिरवले.

गाडी जराशी सरकली आणि थांबली. कुंपणापलीकडून एकेक मोटार सणसणत जात होती. थोड्या वेळाने बसमधून उतरून म्हातारे कंडक्टरकाका चालत पुढे आले. बसून राहण्यापेक्षा चालणेच वेगाचे होते. त्यांनी खिडकीवर हात टेकला.

"बरं केलंस, पोरा. याला वेळेवर नेलं असतंस, तर दचकून उठून बसला असता."

ते हसले, हसता हसता बाहीने डोळे पुसले आणि बसकडे परत गेले.

मग आई बोलली.

"बाबा गाडीत बसायचे तेव्हा तू स्टिकर काढून ठेवायचास ना रे?"

"त्यांना माहीत होतं?"

"काचेवर चौकोन दिसायचा म्हणे. सगळी काच धुळकट आणि तेवढीच लख्ख."

"मग एका शब्दानं बोलले का नाहीत?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, बोललो तर ओशाळेल बिचारा, आणि यायचाच बंद होईल." आईने पांढऱ्या कापडाची सुरकुती हाताने सारखी केली. "डोळे तर केव्हाच बरे झाले होते त्यांचे. आता येऊ नका, म्हणून डॉक्टरांनी सांगूनसुद्धा टाकलं होतं. तू येईपर्यंत तिथल्या बाकावर नुसते बसून असायचे."

मुलाने आपल्या तळहाताकडे पाहिले. त्या पातळ फोडी. एकही कधी जाड-बारीक निघाली नव्हती.

"पण मग रस्ता रुंद करा म्हणून का भांडत होते?" त्याने विचारले. "रुंद झाला असता तर आम्ही झटक्यात पोचलो असतो."

"ते लोकांसाठी रे," आई म्हणाली. "लोकांसाठी मागायला ते कधी लाजले नाहीत. स्वतःसाठी मात्र त्यांना मागताच यायचं नाही. तुझ्याकडे तर नाहीच नाही."

बहीण मुसमुसू लागली.

तेवढ्यात पुढची कोंडी फुटली. चालकाने घड्याळ पाहिले आणि गियर टाकला.

"मोकळं झालं, साहेब. आता दामटली तर अजूनही नंबर सापडेल."

मुलाने जाळीतून मागे पाहिले.

"नको," तो म्हणाला. "सावकाश घ्या."