भरपूर जागा

सर्वपित्रीची जेवणं आटोपली आणि गिरगावातल्या त्या दोन खोल्यांत शरयूताई उष्टी काढू लागल्या. सकाळीच त्यांच्या लेकानं, विनीतनं, गुरुजींच्या मागोमाग आपल्या बाबांचं, आजी-आजोबांचं आणि नलूआत्याचं नाव घेऊन तिळाचं पाणी सोडलं होतं.

"आई, आम्ही आता जी मेमरी बनवतोय ना," विनीत बडीशेप चघळत म्हणाला, "नखाएवढी चिप गं, पण आख्ख्या गिरगावातल्या माणसांची नावं तिच्या एका कोपऱ्यात मावतील. आणि लाइट गेली तरी एक अक्षर पुसायचं नाही."

"एवढं करून जागा उरेल?"

"भरपूर! तुझे सगळे उपास लिहिले तरी उरेल."

शरयूताई हसल्या नाहीत. पदराला हात पुसत त्या त्याच्याजवळ येऊन बसल्या.

"मग एक नाव घालशील त्यात? तुझ्या ताईचं. तुझ्या आधी झाली होती. गुरुजी नावं घेतात तेव्हा दरवर्षी मी नुसती हात जोडून बसते."

आपल्याला ताई होती, हेच विनीत आज पहिल्यांदा ऐकत होता. त्यानं हळूच विचारलं, "काय गं नाव तिचं?"

"बारशाच्या आदल्या दिवशी गेली रे. नाव नलूवन्संनी मनात ठरवलं होतं, पाळण्यापाशी तिच्या कानात सांगणार होत्या. नंतर त्यांना विचारायचा मला कधी धीरच झाला नाही."