कानापुरतं गाणं

हेमलता टिपणीसांनी ओजसचा हेडफोन कानांवर चढवला. मुलगा जाऊन तेरा दिवस झाले होते. जेवताना तो हा हेडफोन लावून ताटाच्या कडेवर बोटांनी एक ठेका धरायचा. ते गाणं त्यांना एकदा ऐकायचं होतं.

"कान नवीन आहेत," हेडफोन म्हणाला. "तुमच्यासाठी गाणं रचतोय." आणि त्यांची आवडती सतार सुरू झाली.

त्या तडक दुरुस्तीच्या दुकानात गेल्या.

"मावशी, यात गाणं नसतंच," दुकानदार म्हणाला. "ऐकणाऱ्याला ओळखून हा त्या क्षणी रचतो. तो ऐकत असेल, तरच त्याचं गाणं वाजणार."

"अहो, पण ठेका मला पाठ आहे." त्यांनी तो काउंटरवर वाजवून दाखवला. दुकानदाराने हेडफोन त्यांच्या हातात परत ठेवला.

घरी येऊन त्यांनी जुनं कात्रण काढलं. व्हिडिओ गेम, हेडफोन, मोबाइलची कव्हरं, सगळ्यांची परीक्षणं त्या एका वर्तमानपत्रात लिहायच्या. शेवटी उणिवांचा रकाना असायचा आणि तो त्यांनी कधी मोकळा सोडला नव्हता. परीक्षणासाठी आलेला हाच हेडफोन त्यांनी ओजसला दिला होता. या हेडफोनच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'शोधूनही सापडली नाही.'