नहरापासून चार मिनिटं

आवाज आला तेव्हा पार्वताबाईच्या कपात अर्धा चहा उरला होता. प्रितमची गाडी नहराच्या पुलावर चढली की तो आवाज सुरू व्हायचा. पिठाच्या चक्कीचा पट्टा घसरावा तसा, आधी बारीक आणि मग कान किटवणारा. पार्वताबाई कप खाली ठेवून, गुडघ्यावर हात टेकत उठायला लागली.

"पिऊन घे ना माय," रश्मी म्हणाली. "चार मिनिटं हायेत अजून."

चार मिनिटं हा रश्मीचा पक्का अंदाज होता. नहर ते घर, वाट खड्ड्यांची, त्याहून लवकर कोणाच्या बापाला पोचता आलं नसतं. तेवढ्या वेळात म्हातारी चहा संपवायची, नातीचा मुका घ्यायची, मागच्या वाडीतून फाटकाबाहेर पडायची आणि धानाच्या शेतातल्या धुऱ्यावरून, बांधाबांधाने, बाजाराच्या गर्दीत मिसळून जायची. ती बपेऱ्याहून एसटीने दर मंगळवारी यायची, ते बाजाराच्या नावाखाली. पिशवीत चार वांगी टाकली की कोणी काही विचारत नसे.

आता लेकीला भेटायला आईने अशी चोरी का करावी, तर जात. रश्मीचं घर बौद्ध, प्रितमचं गिरणीवाल्यांचं. लग्नासाठी प्रितम आपल्या घरच्यांशी हातघाईवर आला होता आणि रश्मीला त्याचा कोण अभिमान. पुढे बापाने त्याला धानाची गिरणी देऊ केली आणि सोबत एक अट घातली. सुनेच्या माहेरचं कोणी घरात दिसता कामा नये. प्रितमने गिरणी घेतली आणि अटही घेतली. बायकोला त्याने ते एकदाच सांगितलं, तेही आवाज न चढवता.

"तुही माय या घरात दिसली, तं तू तिच्यासंगं जाशीन. मनाली इथंच राहीन."

त्यांची लेक मनाली तीन वर्षांची होती. त्या दिवसापासून रश्मी नवऱ्याला भ्यायला लागली, ती भीतच राहिली.

मग प्रितमला गाडीचं वेड लागलं. नागपूरहून इंजिनाचा जोर वाढवणारा सुपरचार्जर आणून बसवला, पण साहेबांच्या मनासारखा आवाज घुमेना. म्हणून डोमा मेकॅनिकने हवा ओढायचा बंद डबाच काढून टाकला, जाड पाइप घातला आणि त्याच्या तोंडाशी उघडा फिल्टर लावून दिला. त्यानंतर इंजिनाने नुसता श्वास घेतला तरी अर्ध्या गावाला कळायचं. कोंबड्या छपरावर चढायच्या, तान्ही पोरं दचकून उठायची, लोक दातओठ खायचे. एकटी रश्मी त्या आवाजाला मनोमन दुवा द्यायची. त्या घरात तिच्या बाजूचं तेवढंच एक होतं.

गेल्या आठवड्यात मंगरूचे बैल बंडीसकट बुजले आणि चार माणसं तक्रार घेऊन अंगणात आली. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती आणि प्रितम उभा होता. उद्याच जुना डबा परत बसवतो, असं त्याने हसून कबूल केलं. आत रश्मीने ते ऐकलं. लोक गेल्यावर तिने कधी केलं नव्हतं ते केलं. नवऱ्यापाशी काहीतरी मागितलं.

"राहू द्या ना तो आवाज. मले आवडते."

"काहून?"

"तुम्ही येऊन राहिले, हे लवकर समजते. चहा ठेवता येते."

प्रितम तिच्याकडे बघत राहिला. मग हसला, लग्नाआधी हसायचा तसा. दोन-चार मतं गेली तरी चालतील, म्हणाला, बायकोची हौस मोठी. आणि डबा बसवायचं त्याने खरंच सोडून दिलं. भोळी पोर ती. तिला वाटलं, या माणसाच्या मनात आपल्यासाठी अजून काहीतरी शिल्लक आहे.

आज तर गाडी नेहमीपेक्षा दमाने येत होती. आवाज पुलावरून गिरणीपाशी यायलाच दुप्पट वेळ लागला. वाटेत कोणी मतदार भेटला असेल, असं रश्मीच्या मनात आलं आणि तिला बरंच वाटलं. म्हातारीचे गुडघे अलीकडे फार धरायचे. तिने आईला सावकाश चहा पिऊ दिला. पदराने तिचं तोंड पुसलं. मनालीने आजीबरोबर फाटकापर्यंत जायचा हट्ट धरला. एरवी रश्मीने तिला दंडाला धरून आत ओढलं असतं. आज वेळ होता. आजी दिसेनाशी झाली की पळत ये, असं बजावून तिने दोघींना वाडीच्या वाटेला लावलं. नात आजीचं बोट धरून उड्या मारत निघाली.

रश्मीने कप विसळून पालथा घातला. चटई गुंडाळली. नवऱ्यासाठी चहाचं आधण ठेवलं आणि पाण्याचा गडवा घेऊन हसऱ्या तोंडाने पुढच्या दारात उभी राहिली.

गाडी अंगणात शिरली. आवाज बंद झाला. दार उघडून डोमा मेकॅनिक खाली उतरला. गाडीत दुसरं कोणी नव्हतं.

"हे कुठं हायेत?" रश्मीने विचारलं.

डोमाने किल्ली ओट्यावर ठेवली. त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

"भाऊ मघापासून मांगच्या फाटकापाशी उभे हायेत, वहिनी. मले म्हनले, नहरावरून गाडी दमानं आन. मायलेकींले वेळ भेटला पायजे."