पलीकडचा पंख

विमान धावपट्टीला टेकलं आणि खिडकीबाहेर पंखावरच्या पट्ट्या धाडकन उभ्या राहिल्या. आजींनी आजोबांचा हात घट्ट धरला. "अहो, पंख उचकटला!"

"अगं, स्पॉयलर आहेत ते. पंख विमानाला उचलून धरतो ना, ती उचलच मोडतात. मग सगळा भार चाकांवर येतो आणि ब्रेक नीट लागतो." आजोबांची अख्खी नोकरी विमानं दुरुस्त करण्यात गेली होती.

"पण पाचातली एक आडवीच पडलीय की!"

"बिघडली असणार. म्हणजे पलीकडच्या पंखावरची तिची जोडीदारही आडवीच असेल."

"तीही बिघडली?"

"छे, ती ठणठणीत! पण ती एकटीच उठली तर विमानाचा तोल जाईल. म्हणून विमान स्वतःच तिला उठू देत नाही."

आजी बघतच राहिल्या. एवढं मोठं धूड, पण समज केवढी!

दारात दोन व्हीलचेअर थांबल्या होत्या. गेल्या वर्षी आजींचा डावा पाय लुळा पडला आणि त्याच आठवड्यात आजोबांच्या गुडघ्यांनी दगा दिला. रोजचं फिरणं दोघांचंही सुटलं.

खुर्चीत बसता बसता आजी थबकल्या.

"अहो, खरं सांगा. तुमचे गुडघे कधी दुखलेच नव्हते ना?"