बावीस मीटर

शेजाऱ्याच्या बोक्याने तिसरं कबूतर फस्त केलं, तेव्हा शिंपीमामांच्या संयमाची शिवण उसवलीच. वर शेजारी हसून म्हणाला, "बोका आहे मामा, मग काय पालक खाईल?" उरलेली दोन कबुतरं तरी वाचवायची, म्हणून मामा तडक छऱ्यांच्या बंदुकांच्या दुकानात गेले.

"नवशिक्या हाताला ही स्प्रिंगची बरी. स्वस्त आणि दणकट," दुकानदार म्हणाला. "पण दुर्बीण हीच लावा. स्प्रिंग असा पुढे-मागे हिसका देते, की साधी दुर्बीण चार दिवसांत खिळखिळी होते. नेम किती लांबचा?"

"बावीस मीटर. माझ्या गच्चीपासून त्याच्या खिडकीपर्यंत. गल्लीत टेप टाकून मोजलंय."

दुकानदाराचा हात थबकला. "त्याच्या म्हणजे?"

"बोक्याच्या हो! तुम्ही पण ना!"

दुकानदाराने मागच्या अंगणात चार छरे उडवून दुर्बीण बरोबर बावीस मीटरला जुळवून दिली. "आता फक्त हात हलू देऊ नका मामा, बाकीचं ती बघून घेईल."

संध्याकाळी मामा गच्चीच्या कठड्याआड गुडघे टेकून बसले. पाठीमागे खुराड्यात दोन्ही कबुतरं घुमत होती. मामांनी बंदूक कठड्यावर टेकवली, श्वास रोखला आणि दुर्बिणीतून समोरच्या खिडकीत पाहिलं. बोका नव्हता. शेजारी होता.



त्याच्या हातात तसलीच नवीकोरी बंदूक होती, आणि एक डोळा त्याने आधीच मिटला होता.